विश्लेषण : नऊ पट वजनाखाली वैमानिक शुद्धीवर कसा राहतो? शिरोलीच्या फौंड्रींनी त्यातून काय घ्यावे?

सुखोई-३० एमकेआय हे लढाऊ विमान वेगात असताना घट्ट वळण घेते, तेव्हा आत बसलेल्या वैमानिकाचे वजन काही सेकंदांपुरते नऊ पटीपर्यंत वाढू शकते. सत्तर किलोचा माणूस ६३० किलोचा होतो. हेल्मेटसह सहा-सात किलो भरणारे डोके मानेला साठ किलोचे वाटू लागते. अशा वेळी तो शुद्धीवर राहतो, त्यात मोठा वाटा त्याच्या स्वतःच्या मांड्या, पोटऱ्या आणि पोटाच्या स्नायूंचा असतो.

हे विज्ञान फक्त आकाशापुरते नाही. पुणे-बेंगळुरू महामार्गाने उत्तरेकडे गेले की पुण्यात लोहगावचा हवाई तळ लागतो. याच महामार्गाच्या दक्षिण टोकाला, बेंगळुरूत, वैमानिकांचे शरीर तपासणारी हवाई दलाची संस्था आहे. या दोहोंच्या मध्ये, कोल्हापूरच्या वेशीवर शिरोली एमआयडीसी आहे. तेथील फौंड्रीत भट्टीसमोर तासन् तास उभ्या असलेल्या कामगाराच्या शरीरातही तीच झुंज संथ गतीने सुरू असते. रक्त खाली ओढले जाते आणि ते मेंदूपर्यंत पोहोचवायचे असते. वैमानिकाच्या झुंजीचे काटेकोर मोजमाप होते. कामगाराला आलेली भोवळ मात्र बहुतेक वेळा ‘अशक्तपणा’ या एका शब्दावर संपते.

‘जी’ म्हणजे नेमके काय?

जमिनीवर स्थिर उभ्या असलेल्या माणसावर पृथ्वीची जेवढी ओढ असते, तिला एक ‘जी’ म्हणतात. वेग किंवा दिशा झपाट्याने बदलली की शरीराला जाणवणारे वजनही बदलते. घाटात एसटी वळली की प्रवासी बाहेरच्या बाजूला कलंडतात, तो याच बलाचा सौम्य नमुना. पाण्याने भरलेली बादली हाताने जोरात गोल फिरवली तर ती डोक्यावर असतानाही पाणी सांडत नाही. ते तळाशी दाबले जाते. लढाऊ विमानाच्या वळणात वैमानिक त्या बादलीत असतो आणि बादलीचा तळ म्हणजे त्याचे पाय. शरीरातील रक्त त्या तळाकडे जाऊ पाहते.

बलाची दिशा येथे फार महत्त्वाची. १० डिसेंबर १९५४ रोजी अमेरिकेच्या हवाई दलातील डॉक्टर जॉन पॉल स्टॅप यांनी रॉकेटवर चालणाऱ्या घसरगाडीतून प्रवास केला. गाडी थांबताना त्यांच्या शरीराने ४६ जीपेक्षा जास्त बल सोसले आणि ते जगले. ते बल छाती ते पाठ या दिशेत होते आणि तेही क्षणभरच. डोक्याकडून पायांकडे जाणारे बल मात्र चार-पाच जी झाले तरी अप्रशिक्षित माणसाची दृष्टी आणि शुद्ध जाऊ शकते. अंतराळवीरांना उड्डाणाच्या वेळी पाठीवर झोपल्यासारखे बसवतात, ते याचसाठी.

रक्त पायात उतरले की काय होते?

बसलेल्या माणसाचे हृदय आणि डोळे यांच्यात सुमारे ३० सेंटीमीटर उंचीचा फरक असतो. एवढ्या उंचीचा रक्ताचा स्तंभ वर चढवण्यासाठी हृदयाला रक्तदाबाच्या मापातील साधारण २२ अंक खर्च करावे लागतात. वरचा रक्तदाब १२० असेल तर डोळ्यांपर्यंत पोहोचताना तो शंभरच्या आसपास उरतो. रोजच्या जगण्यात ही वजाबाकी जाणवत नाही.

दोन जीमध्ये हीच वजाबाकी ४४ होते, चार जीमध्ये ८८. पाच जीच्या पुढे हृदयाचा संपूर्ण दाब वर चढण्यातच संपतो. नऊ जीमध्ये तर फक्त चढाईसाठी सुमारे २०० अंक लागतात. म्हणजे वैमानिकाने काहीच केले नाही तर हृदय धडधडत असूनही मेंदूकडे रक्त जाणार नाही.

पहिला फटका डोळ्यांना बसतो. डोळ्याच्या आत स्वतःचा दाब असतो आणि त्यावर मात करूनच रक्त पडद्यापर्यंत जाते. त्यामुळे मेंदूच्या आधी दृष्टी मंदावते. प्रथम रंग फिके होतात. मग कडेचे दिसेनासे होते आणि नळीतून पाहिल्यासारखे फक्त समोरचे दिसते. त्यानंतर पूर्ण अंधार होतो. या टप्प्यावरही वैमानिकाला ऐकू येत असते, विचार करता येतो. बल आणखी वाढले किंवा टिकून राहिले तर शुद्ध जाते. वैमानिकांच्या बोलीत त्याला ‘जी-लॉक’ म्हणतात.

यात वेळेचे गणित काय?

रक्त थांबल्यानंतर मेंदूकडे उरलेल्या प्राणवायूवर तो चार ते सहा सेकंद चालतो. मानेतील धमन्यांत दाब ओळखणारी संवेदके असतात. दाब घसरला की ती हृदयाचा वेग वाढवतात आणि रक्तवाहिन्या आकसून घेतात. पण या यंत्रणेला पूर्ण जोर यायला दहाएक सेकंद लागतात. मेंदूची शिल्लक पाच सेकंदांची आणि मदत पोहोचणार दहा सेकंदांनी, असा हा पेच आहे.

जुन्या विमानांत बल हळूहळू वाढत असे, त्यामुळे डोळ्यांपुढे येणारी अंधारी हीच सूचना ठरत असे. आजची विमाने एक-दोन सेकंदांत सात-आठ जीपर्यंत जातात. अशा वेळी दृष्टी मंदावण्याचा टप्पा येतच नाही. वैमानिक थेट बेशुद्ध होतो. शुद्ध परत यायला सरासरी बारा सेकंद लागतात आणि त्यानंतरचे तेवढेच सेकंद गोंधळलेल्या अवस्थेत जातात. पंचवीसेक सेकंद विमानाला कोणी चालक नसतो. शुद्धीवर आल्यावर अनेकांना आपण बेशुद्ध झालो होतो हेही आठवत नाही. म्हणूनच अमेरिकेच्या एफ-१६ विमानांत २०१४ पासून, जमीन जवळ येऊनही वैमानिकाचा प्रतिसाद नसेल तर विमान आपोआप वर उचलणारी यंत्रणा बसवण्यात आली.

मग स्नायू नेमके काय करतात?

दाब वाढवण्याचे काम स्नायू करतात. बल वाढण्याच्या किंचित आधी वैमानिक पोटऱ्या, मांड्या, नितंब आणि पोट दगडासारखे घट्ट करतो. घट्ट स्नायू आतील शिरा पिळून काढतात, त्यामुळे रक्त पायांत साचत नाही. त्याच वेळी तो खोल श्वास घेऊन घसा बंद करतो आणि छातीवर जोर देतो. छातीतील दाब वाढतो आणि तोच हृदयातून बाहेर पडणाऱ्या रक्ताला मिळतो.

हा श्वास फार वेळ रोखून चालत नाही. छातीतील दाब सतत चढा राहिला तर शिरांतून हृदयाकडे परत येणारे रक्तच अडते. म्हणून दर तीन सेकंदांनी, एका सेकंदाच्या आत, थोडी हवा सोडून पुन्हा घ्यायची असते. श्वास सुटताना पाय आणि पोट मात्र सैल पडू द्यायचे नाहीत. हा ताल चुकला तर ताकद असूनही शुद्ध जाते. नीट साधला तर शरीराची सहनशक्ती तीन जीपर्यंत वाढते. कोणत्याही यंत्रापेक्षा हा लाभ मोठा आहे.

पण त्याची किंमत स्नायू मोजतात. घट्ट आवळलेला स्नायू स्वतःच्याच रक्तवाहिन्या दाबून टाकतो. त्याला प्राणवायू मिळत नाही, आत साठवलेल्या इंधनावर तो काही काळ चालतो आणि मग थकतो. हवाई झुंजीत एकामागून एक वळणे घ्यावी लागतात. पहिले वळण सहज निभावणारा वैमानिक चौथ्या-पाचव्या वळणात ढिला पडू शकतो. म्हणजे सुरुवातीला प्रश्न रक्तदाबाचा असतो, शेवटी तो स्नायूंच्या थकव्याचा होतो.

जी-सूटने भागत नाही का?

जी-सूट ही पोट आणि पायांभोवती हवेच्या पिशव्या असलेली तुमान. बल वाढताच त्या आपोआप फुगतात आणि पाय आवळतात. दुसऱ्या महायुद्धात कॅनडात विल्बर फ्रँक्स यांनी पाण्याने भरलेला आणि ऑस्ट्रेलियात फ्रँक कॉटन यांनी हवेने भरणारा सूट विकसित केला. आजचे सूट हवेवर चालतात. भारतात संरक्षण संशोधन आणि विकास संघटनेच्या बेंगळुरू येथील प्रयोगशाळेने या क्षेत्रात काम केले आहे.

महाराष्ट्राला हा पोशाख एका छायाचित्रामुळे ओळखीचा आहे. २५ नोव्हेंबर २००९ रोजी तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांनी लोहगावहून सुखोईतून उड्डाण केले, तेव्हा त्यांच्या अंगावर जी-सूट होता. त्यांचे वय तेव्हा ७४ होते. अर्थात ते उड्डाण सौम्य होते; युद्धातील वळणे त्यात नव्हती.

सूटमुळे साधारण एक ते दीड जीचा आधार मिळतो. आसन मागे कलते ठेवले तर हृदय आणि डोके यांच्यातील उभे अंतर घटते, त्यामुळे आणखी थोडी भर पडते. एफ-१६चे आसन याच कारणाने ३० अंश कललेले आहे. मुखवट्यातून दाबाखाली हवा देण्याचीही सोय असते. या सगळ्यांची बेरीज केली तरी नऊ जी गाठायला वैमानिकाचे स्वतःचे स्नायू लागतातच.

धावणारा बरा की वजन उचलणारा?

कोल्हापूरच्या तालमीत वाढलेल्याला याचे उत्तर पटकन पटेल. प्रतिस्पर्ध्याला खाली धरून ठेवणाऱ्या पैलवानाचे पाय, कंबर आणि पोट हालचाल न करता ताठ असतात. वैमानिकाला लागते ती ताकद याच जातीची. बैठकांनी कमावलेल्या मांड्या येथे उपयोगी पडतात.

१९८०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत झालेल्या प्रयोगांत काहींना वजनाचा व्यायाम दिला, काहींना धावण्याचा. नंतर दोघांनाही मोठ्या फिरत्या यंत्रात बसवून चढ-उतार होणारे बल किती वेळ सोसता येते ते पाहिले. वजनाचा व्यायाम करणाऱ्यांची टिकण्याची वेळ स्पष्टपणे वाढली. नुसत्या धावण्याने तसा लाभ झाला नाही. फार लांब पल्ल्याचे धावणाऱ्यांची नाडी संथ आणि रक्तदाब कमी असतो. घसरलेला दाब सावरायला अशा शरीराला जास्त वेळ लागू शकतो. म्हणून वैमानिकांना धावण्यास मनाई नाही, पण मॅरेथॉनचा अतिरेक टाळण्याचा सल्ला दिला जातो. मध्यम धावण्याने दोन वळणांमधील थकवा लवकर उतरतो.

पोलीस भरतीसाठी १६०० मीटर धावण्याचा सराव करणाऱ्या आणि पुढे हवाई दलाकडे डोळे लावून बसलेल्या मुलांनी हे ध्यानात ठेवावे. दम आणि ताकद या दोन वेगळ्या कमाया आहेत. मुलींनीही धास्ती बाळगू नये. जी सोसण्याच्या क्षमतेत स्त्री-पुरुष असा ठळक फरक आढळलेला नाही. भारतीय हवाई दलाच्या पहिल्या तीन महिला लढाऊ वैमानिक जून २०१६ मध्ये दाखल झाल्या. उंची मात्र किंचित आड येते, कारण उंच माणसाच्या हृदयापासून डोक्यापर्यंतचे अंतर जास्त असते.

शिरोलीच्या भट्टीशी याचा संबंध काय?

शिरोलीतील फौंड्रीत लोखंड सुमारे १४०० अंश सेल्सिअसला वितळलेले असते. भट्टीजवळ, लॅडलमधून साच्यात ओतताना किंवा कास्टिंग साफ करताना कामगार एका जागी बराच वेळ उभा असतो. येथे बल एकच जी असते. तरीही शरीरात तीन गोष्टी एकाच वेळी घडतात.

पहिली, माणूस उभा राहिला की सुमारे अर्धा लिटर रक्त कमरेखाली उतरते. दुसरी, उष्णता बाहेर टाकण्यासाठी त्वचेच्या रक्तवाहिन्या रुंद होतात आणि बरेच रक्त तिकडे वळते. तिसरी, घामावाटे तासाला एखादा लिटर पाणी जाऊ शकते, म्हणजे वाहिन्यांतील रक्ताचा साठाच आटतो. साठा कमी, जागा जास्त आणि चढण तीच. वैमानिकाच्या बाबतीत जे दोन सेकंदांत घडते, ते येथे दोन तासांत घडते. शेवट सारखाच असतो. डोळ्यांपुढे अंधारी येते, कान वाजतात, घाम थंड पडतो आणि माणूस कोसळतो.

वैमानिकाला शुद्ध गेल्यावर जमिनीपर्यंत काही सेकंद मिळतात. वितळलेल्या धातूशेजारी उभ्या असलेल्या कामगाराला तेवढेही मिळत नाहीत. म्हणून येथे भोवळ हा आजार मानून चालत नाही. तो अपघाताचा आरंभ असतो.

उपायही स्नायूंतच आहे. पोटरीच्या स्नायूला शरीराचे दुसरे हृदय म्हणतात. चालताना तो आवळतो-सुटतो आणि शिरांतील रक्त वर ढकलतो. निश्चल उभ्या माणसाचा हा पंप बंद असतो. दर काही मिनिटांनी टाचा उचलणे, चार पावले फिरणे, वजन एका पायावरून दुसऱ्यावर घेणे यामुळे तो पुन्हा सुरू होतो. डोके हलके वाटू लागले तर मांड्या आणि नितंब घट्ट आवळून लगेच भट्टीपासून दूर व्हावे. वैमानिक जे करतो त्याचाच हा घरगुती अवतार आहे.

कोणी कोसळलेच, तर त्याला खुर्चीत बसवू नये आणि आधार देऊन उभे तर मुळीच करू नये. गार जागी आडवे झोपवून पाय वर उचलावेत. आडव्या शरीरात हृदय आणि मेंदू एका पातळीवर येतात आणि चढणच संपते. कांदा फोडून हुंगवण्यापेक्षा हे कितीतरी उपयोगी आहे. मात्र अंग तापलेले असेल, माणूस असंबद्ध बोलत असेल किंवा शुद्धीवर येत नसेल, तर तो उष्माघात समजून अंगावर पाणी ओतत, वारा घालत तातडीने रुग्णालयात न्यावे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतू नये.

एकाचे औषध, दुसऱ्याचा धोका?

श्वास रोखून जोर लावण्याची वैमानिकाची युक्ती कामगारही नकळत वापरतो. जड कास्टिंग उचलताना ‘हुं’ करून दम धरला जातो, तेव्हा छातीत तोच दाब तयार होतो. पायांनी मोठे वजन रेटताना दम धरणाऱ्या व्यायामपटूंचा वरचा रक्तदाब त्या क्षणी ३००च्या पुढे गेल्याचे प्रयोगांत नोंदवले गेले आहे.

नऊ जीमध्ये त्यातील २०० अंक वाटेतच खर्च होतात आणि मेंदूपर्यंत जेमतेम गरजेपुरता दाब उरतो. शिरोलीच्या जमिनीवर मात्र चढण फक्त २२ अंकांची आहे. उरलेला दाब थेट मेंदूच्या वाहिन्यांवर आणि हृदयावर आदळतो. निरोगी तरुणाला तो क्षणभर सोसतो. पण ज्याचा रक्तदाब आधीच चढा आहे आणि त्याला ते ठाऊकही नाही, अशा पंचेचाळिशीतील कामगारासाठी दिवसातून कित्येकदा येणारी ही उसळी धोक्याची आहे. पोटाच्या भिंतीवर ताण येऊन हर्नियाचाही संभव असतो. उचलताना श्वास सोडत राहणे, गुडघ्यांत वाकणे, ओझे अंगाजवळ धरणे आणि ठरावीक वजनापुढे साखळीचा हॉइस्ट किंवा ट्रॉली वापरणे हे त्यावरचे साधे उपाय.

हवाई दल काय वेगळे करते?

बेंगळुरूची हवाई दलाची एरोस्पेस मेडिसिन संस्था १९५७ पासून काम करते. तेथे लांब भुजेच्या टोकाला बसवलेल्या कक्षात वैमानिकाला गोल फिरवून खोटे पण मोजलेले बल दिले जाते. त्याची नाडी, दृष्टी आणि श्वासाचा ताल पाहिला जातो. चूक जमिनीवरच सुधारली जाते. गगनयान मोहिमेच्या अंतराळवीरांच्या प्रशिक्षणातही या संस्थेचा वाटा आहे.

या सगळ्या पद्धतीमागे एक साधा विचार आहे. शुद्ध जाणे हे भित्रेपणाचे लक्षण नाही आणि टिकून राहणे हा मर्दानगीचा पुरावा नाही. ते रक्तदाबाचे गणित आहे. म्हणून झोप अपुरी असेल, ताप असेल, जुलाब झाले असतील किंवा आदल्या रात्री मद्य घेतले असेल तर वैमानिकाला आकाशात पाठवत नाहीत. शरीरातील पाणी थोडे जरी घटले तरी जी सोसण्याची क्षमता उतरते, म्हणून पाणी पिणे हा तयारीचाच भाग असतो. सुट्टीवरून परतलेला वैमानिक पहिल्याच दिवशी नऊ जी खेचत नाही, कारण सराव सुटला की शरीर ही सवय विसरते.

उष्णतेचेही तसेच आहे. उकाड्याची सवय व्हायला शरीराला साधारण एक ते दोन आठवडे लागतात. या काळात रक्ताचा साठा वाढतो, घाम लवकर सुटतो आणि त्यातून कमी मीठ जाते. म्हणून अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्य संस्थेची शिफारस अशी की, नव्या कामगाराला पहिल्या दिवशी उष्ण जागी नेहमीच्या वेळेच्या २० टक्केच काम द्यावे आणि रोज त्यात २० टक्क्यांहून जास्त भर घालू नये. एप्रिलमध्ये कामावर रुजू झालेल्या परप्रांतीय किंवा कंत्राटी मुलाला पहिल्याच दिवशी पूर्ण पाळी भट्टीसमोर उभे करणे म्हणजे सराव नसलेल्या वैमानिकाला थेट झुंजीत उतरवण्यासारखे आहे.

कायदा काय म्हणतो?

१९४८च्या कारखाने अधिनियमात कामाच्या जागी पुरेशी हवा आणि आरोग्याला बाधा न आणणारे तापमान राखण्याची जबाबदारी मालकावर होती. इजा होईल इतके ओझे कोणाकडून उचलून घेऊ नये, असेही त्यात म्हटले होते. पण उन्हाळ्यात पिण्याचे पाणी थंड करून देण्याची सक्ती २५० हून अधिक कामगार असलेल्या कारखान्यांवरच होती. शिरोलीत मोठ्या उद्योगांबरोबर असंख्य लहान युनिटे आहेत. जेथे कामगार कमी, तेथे भट्टी कमी तापते असे काही नाही. तरीही कायद्याची रेघ माणसांच्या संख्येवर मारलेली होती.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात नवी व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता लागू झाली. ठरावीक वयाच्या किंवा वर्गाच्या कामगारांची वर्षातून एकदा मोफत आरोग्य तपासणी करण्याची तरतूद तिच्यात आहे. ही तपासणी उंची, वजन आणि सही एवढ्यावर संपली तर तिचा उपयोग नाही. रक्तदाब बसून आणि उभे राहून असा दोनदा घेतला, तरी भट्टीसमोर कोणाला धोका आहे याचा पहिला अंदाज येतो. त्याला दोन मिनिटे लागतात.

करता येण्यासारखे काय?

यातील बहुतेक उपायांना फिरत्या यंत्राइतका खर्च नाही. भिंतीवरचा तापमापक भट्टीची धग दाखवत नाही. हवेची उष्णता, दमटपणा आणि धग तिन्ही एकत्र मोजणारे उपकरण हाती धरण्याइतके लहान असते. प्रत्येक युनिटला ते घेणे जमत नसेल, तर शिरोलीतील स्मॅकसारखी उद्योजकांची संघटना काही उपकरणे सामाईक ठेवू शकते. मोजलेल्या आकड्यानुसार कामाचा आणि विश्रांतीचा काळ ठरवता येतो.

उष्ण कामात दर १५ ते २० मिनिटांनी एक पेला पाणी प्यावे, असा जगभर दिला जाणारा सल्ला आहे. त्यासाठी पाणी भट्टीच्या ठिकाणीच हवे. आवाराच्या दुसऱ्या टोकाला ठेवलेला कूलर कागदावरच थंड असतो. घाम फार जात असेल तर जेवणातील मीठ, ताक, लिंबू-सरबत यांची जोड द्यावी. मात्र रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी मीठ डॉक्टरांच्या सल्ल्यानेच वाढवावे. भट्टीजवळ एकट्याला न ठेवता जोडीने काम द्यावे, म्हणजे एकाची जीभ अडखळली तर दुसऱ्याला कळेल. भोवळीची प्रत्येक घटना, इजा झाली नाही तरी, नोंदवहीत लिहावी. हवाई दलात शुद्ध गेलेल्या वैमानिकाला प्रश्न विचारले जातात ते दोष शोधण्यासाठी नव्हे, तर पुढच्याला वाचवण्यासाठी.

यावर एक आक्षेप येईल. लढाऊ वैमानिक देशाची मोठी गुंतवणूक आहे, विमान शेकडो कोटींचे आहे, तेव्हा एवढी काळजी तेथे परवडते. फौंड्री बाजारात टिकायची तर हे चोचले कशाला? पण हिशेब उलटा आहे. ओतकामातील कसलेला कामगार घडायला वर्षे जातात. भाजलेल्या हाताची, बंद पडलेल्या पाळीची आणि वाया गेलेल्या ओतीची किंमत पाण्याच्या पिंपापेक्षा नक्कीच जास्त आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे दोघांच्याही मेंदूत प्राणवायूची शिल्लक पाचच सेकंदांची आहे. निसर्गाने यात वैमानिक आणि कामगार असा भेद केलेला नाही.

कोल्हापूरने आपल्या तालमींत शरीराची कमाई शतकभर जपली. खुराक, मेहनत आणि विश्रांती यांचा मेळ न घालता पैलवान मैदानात उतरवणारा वस्ताद या शहराने कधी मानला नाही. शिरोलीच्या भट्टीसमोर उभ्या असलेल्या माणसाच्या बाबतीतही तोच नियम लावायला नवे विज्ञान लागणार नाही. यंदाचा उन्हाळा चढण्याआधी पाण्याचे पिंप भट्टीजवळ आणणे आणि प्रत्येकाचा रक्तदाब एकदा मोजणे, एवढ्यापासून सुरुवात करता येईल.